विश्लेषण : ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ हे खरे का? तो घरी बदलता येतो का?

एप्रिल-मे महिन्यांत खंबाटकी किंवा कसारा घाटात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी दिसणे नवे नाही. अशी तापलेली गाडी गॅरेजमध्ये गेली की अनेक ठिकाणी आजही एक ‘सोपा उपाय’ केला जातो. इंजिनातील थर्मोस्टॅट नावाचा छोटा भाग काढून टाकला जातो आणि गाडीमालकाला सांगितले जाते, की हा भाग थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. गाडी त्या दिवशी तापत नाही, त्यामुळे मालकालाही ते पटते. प्रत्यक्षात हा भाग काढण्याची किंमत पुढची काही वर्षे इंधन, इंजिन ऑइल आणि इंजिनाच्या झिजेतून मोजावी लागते. बिघडलेला थर्मोस्टॅट काढून टाकायचा नसतो, बदलायचा असतो. अनेक साध्या गाड्यांमध्ये हे काम थोडी तयारी आणि पुरेशी सावधगिरी असेल तर घरीही करता येते.

थर्मोस्टॅट नेमके काय करतो?

पेट्रोल किंवा डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाके फिरवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्यातील मोठा वाटा इंजिनाच्या धातूत उष्णता म्हणून साठू लागतो. ही उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाभोवती कूलंट फिरवले जाते. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे हे मिश्रण वॉटर पंपाच्या जोरावर इंजिनातून रेडिएटरमध्ये जाते, तिथे हवेने थंड होते आणि परत येते.

या वाटेवर थर्मोस्टॅट ही झडप बसवलेली असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते. कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते आणि इंजिन काही मिनिटांत तापते. तापमान ठरावीक अंशापर्यंत, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९२ अंश सेल्सियसच्या दरम्यान पोहोचले की झडप उघडू लागते आणि रेडिएटरचा मार्ग मोकळा होतो. त्यानंतर आणखी दहा-पंधरा अंशांनी ती पूर्ण उघडते. चढ, वेग, एसीचा भार यांनुसार ती कमी-जास्त उघडत राहते. थोडक्यात, इंजिन थंड ठेवणे एवढेच थर्मोस्टॅटचे काम नाही. इंजिन योग्य तेवढे गरम ठेवणे हे त्याचे काम आहे.

वीज नसताना झडप उघडते कशी?

त्याचे उत्तर मेणात आहे. थर्मोस्टॅटच्या मध्यभागी पितळ किंवा तांब्याची छोटी डबी असते आणि तिच्यात विशिष्ट तापमानाला वितळणारे मेण भरलेले असते. वितळताना मेण फुगते आणि डबीतील दांडा बाहेर ढकलते. त्या जोराने स्प्रिंग दाबली जाऊन झडप उघडते. कूलंट थंड झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप बंद करते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३४ मध्ये शोधलेले हे तत्त्व आजही बहुसंख्य मोटारींत वापरले जाते. हजारो वेळा उघड-बंद झाल्यावर मेणाची डबी झिरपू लागणे, स्प्रिंग ढिली पडणे किंवा क्षार आणि गंजामुळे झडप अडकणे, ही बिघाडाची नेहमीची कारणे आहेत. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या गाड्यांत क्षारांचा थर लवकर साचतो आणि झडप अडकण्याचा धोका वाढतो.

तो काढून टाकला तर काय बिघडते?

बाहेर ४० अंश तापमान असले तरी इंजिनाला हवे असलेले तापमान ९० अंशांच्या आसपास असते. म्हणजे विदर्भातल्या उन्हातही सकाळी सुरू केलेले इंजिन ‘थंड’च असते. थर्मोस्टॅट नसेल तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन तापायला फार वेळ लागतो. हवेतून वेगाने जाणाऱ्या गाडीत तर ते पूर्ण तापतही नाही.

थंड इंजिनाला इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जास्त इंधन देतो. त्यामुळे मायलेज घटते आणि धुरातील प्रदूषण वाढते. पूर्ण न जळलेले इंधन आणि ज्वलनातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये मिसळते. इंजिन नीट तापले तर ही वाफ उडून जाते. तापलेच नाही तर ऑइल पातळ होते, त्यात गाळ धरतो आणि झीज वाढते. रोज शाळा, बाजार आणि कार्यालय अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना याचा फटका अधिक बसतो.

दुसरा परिणाम अनेकांना ठाऊक नसतो. काही गाड्यांच्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची तबकडी रेडिएटरचा मार्ग उघडते तेव्हा खालची तबकडी इंजिनातल्या इंजिनात फिरण्याचा आडमार्ग बंद करते. असा थर्मोस्टॅट काढून टाकला की आडमार्ग कायमचा उघडा राहतो. बरेचसे गरम कूलंट रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात येते. परिणामी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढलेली गाडी वाहतूक कोंडीत किंवा घाटात पुन्हा तापू शकते.

बिघाड कसा ओळखायचा?

थर्मोस्टॅट दोन प्रकारे बिघडतो आणि दोन्हींची लक्षणे उलट असतात.

तो उघडा अडकला तर इंजिन तापायला वेळ लागतो. तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नाही. महामार्गावर तो खाली जातो आणि सिग्नलला थांबल्यावर वर येतो. काटा नसलेल्या अनेक गाड्यांत ‘इंजिन थंड आहे’ असे सांगणारा निळा दिवा बराच वेळ जळत राहतो. हीटर कोमट हवा देतो. काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर ‘पी०१२८’ हा संकेत दिसतो. इंजिन अपेक्षित वेळेत तापले नाही, असा त्याचा अर्थ.

तो बंद अडकला तर चित्र गंभीर असते. सुरू केल्यापासून काही मिनिटांत काटा लाल पट्टीकडे जातो. इंजिन तापलेले असताना रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप मात्र थंड राहतो. काही गाड्यांत थर्मोस्टॅट वरच्या पाइपाऐवजी खालच्या, इंजिनात परत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असतो, हे तपासताना लक्षात ठेवावे. पाइपाला हात लावून पाहण्यापेक्षा ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर वापरणे सुरक्षित आहे. त्यावर कूलंटचे तापमान अंशांत दिसते आणि थर्मोस्टॅट उघडताच ते चढायचे थांबते किंवा किंचित खाली येते.

गाडी तापण्याची इतरही कारणे असतात. बंद पडलेला रेडिएटरचा पंखा, तुंबलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, गळती किंवा फाटलेले हेड गॅस्केट यांमुळेही काटा चढतो. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर दोष थर्मोस्टॅटपेक्षा मोठा आहे. अशा वेळी घरी काहीही न उघडता गाडी गॅरेजला न्यावी, तीही टो करून.

रस्त्यातच काटा चढला तर?

एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवावा. त्यामुळे इंजिनातील थोडी उष्णता केबिनमध्ये येते. सुरक्षित जागा मिळताच गाडी उभी करून इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार सर्वांत महाग पडतो. अति उष्णतेने इंजिनाचे अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट जाते. थर्मोस्टॅट लहान गाड्यांत सहसा काहीशे रुपयांपासून मिळतो. हेडचे काम मात्र हजारोंच्या घरात जाते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये आणि रेडिएटरचे झाकण उघडू नये.

झाकण का उघडू नये, हे समजून घेण्यासारखे आहे. रेडिएटरचे झाकण आतला दाब साधारण एक बारने वाढवते. त्यामुळे आतले कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब क्षणात उतरतो, कूलंट एकदम उकळते आणि कारंज्यासारखे अंगावर येते. चेहरा, मान आणि हात भाजण्याच्या घटना अशाच घडतात. भाजल्यास त्या जागी साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

घरी बदलणे कुणी टाळावे?

गाडी वॉरंटीत असेल तर घरी काम करू नये. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांच्या शीतकरण यंत्रणेला हात लावू नये. काही आधुनिक, विशेषतः युरोपीय बनावटीच्या गाड्यांत थर्मोस्टॅटला विजेची जोडणी असते आणि ईसीयू त्याचे उघडणे नियंत्रित करतो. काही गाड्यांत तो प्लास्टिकच्या घरासह अखंड येतो, तर काहींत तो टर्बो किंवा इनटेकच्या पाइपांमागे दडलेला असतो. अशी कामे गॅरेजलाच द्यावीत. बॉनेट उघडल्यावर थर्मोस्टॅटचे घर आणि त्याचे दोन-तीन बोल्ट सहज दिसत असतील, हात आणि पाना तिथपर्यंत जात असेल, तरच हे घरचे काम आहे.

काय तयारी लागते?

गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून योग्य अंशांचा थर्मोस्टॅट आणि त्याबरोबर नवे गॅस्केट किंवा रबरी रिंग घ्यावी. उघडण्याचे तापमान बहुधा थर्मोस्टॅटवर कोरलेले असते. ‘गाडी गार राहील’ म्हणून कमी अंशांचा घेऊ नये. याशिवाय पान्यांचा संच, पक्कड, शक्य असल्यास टॉर्क पाना, रुंद ट्रे किंवा जुनी बादली, नरसाळे, चिंध्या, हातमोजे आणि चष्मा लागतो.

कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घ्यावे. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असे नाही. बाजारात थेट भरण्याचे आणि पाणी मिसळून वापरण्याचे, असे दोन्ही प्रकार मिळतात. मिसळायचे असेल तर नळाचे किंवा बोअरचे पाणी न घेता बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे, सहसा निम्मे-निम्मे ठेवावे.

बसवण्यापूर्वी नवा थर्मोस्टॅट तपासता येतो. स्वयंपाकासाठी पुन्हा वापरायचे नाही अशा भांड्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने अधांतरी टांगावा, तळाला टेकू देऊ नये. शेजारी तापमापक ठेवून पाणी तापवावे. कोरलेल्या अंशाच्या आसपास झडप उघडू लागली आणि पाणी निवल्यावर घट्ट बंद झाली, तर तो ठीक आहे. इथे उंचीचा हिशेब ध्यानात ठेवावा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना, तर महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच उकळते. त्यामुळे झडप पूर्ण उघडलेली दिसली नाही म्हणून नवा भाग खराब ठरवू नये.

जुना थर्मोस्टॅट कसा काढायचा?

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणे उत्तम. बॅटरीचा ऋण टोकाचा जोड काढावा, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो. मग झाकण उघडावे.

रेडिएटरच्या तळाचा नळ किंवा खालचा पाइप सोडून कूलंट ट्रेमध्ये घ्यावे. लहान गाडीत एकूण चार ते सहा लिटर कूलंट असते. कूलंट बदलण्याची वेळ आली नसेल तर पातळी थर्मोस्टॅटच्या खाली येईल एवढेच काढले तरी चालते. जाड पाइप इंजिनाला जिथे जोडलेला असतो, तिथे थर्मोस्टॅटचे घर असते. पाइपावरील क्लॅम्प पकडीने सरकवून पाइप हलकेच पिळत सोडवावा. ओढाताण केली तर जुना पाइप किंवा प्लास्टिकची नळी तुटते. बोल्ट गंजलेले असतील तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे. अॅल्युमिनियममध्ये तुटलेला बोल्ट काढणे हे वेगळेच मोठे काम होऊन बसते.

घर उघडल्यावर जुना थर्मोस्टॅट कसा बसला आहे, याचा मोबाइलवर फोटो काढावा. नंतर तो काढावा आणि जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. लोखंडी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथून गळती होते. कचरा आत पडू नये म्हणून तोंडात चिंधी खुपसावी आणि ती काढायला विसरू नये.

नवा बसवताना चूक कुठे होते?

पहिली चूक दिशेची. मेणाची डबी आणि स्प्रिंग असलेली बाजू इंजिनाकडे असली पाहिजे, कारण तिला इंजिनातील कूलंटचे तापमान कळायला हवे. उलटा बसवल्यास थर्मोस्टॅट उशिरा उघडतो आणि इंजिन तापते. दुसरी चूक छोट्या छिद्राची. अनेक थर्मोस्टॅटांना हवा जाण्यासाठी हलती पिन असलेले बारीक छिद्र असते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ते सर्वांत वर यायला हवे. तिसरी चूक जोर लावण्याची. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवावेत आणि मग आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. या जागी बहुधा असणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टना साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. नेमका आकडा पुस्तिकेतला धरावा. रबरी रिंग असेल तर वरून सीलंट लावू नये.

आतली हवा काढणे एवढे महत्त्वाचे का?

हे काम बिघडते ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर. यंत्रणेत हवेचा फुगा अडकला तर कूलंट फिरत नाही. शिवाय मेणाच्या डबीभोवती हवा राहिली तर तिला खरे तापमान कळत नाही आणि नवा थर्मोस्टॅटही उघडत नाही.

म्हणून कूलंट नरसाळ्याने सावकाश भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबावे. गाडीचे तोंड थोड्या चढावर असले तर हवा लवकर निघते. बॅटरी जोडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन झाकण न लावता आयडलवर चालू ठेवावे. मात्र हे झाकण थंड इंजिनावरच, सुरू करण्यापूर्वी काढलेले असले पाहिजे. पातळी उतरेल तसे कूलंट घालत जावे. पाइप गरम झाला, हीटरमधून गरम हवा आली आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावे. यानंतर रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होतो का, हे पाहावे. हे काम उघड्यावर करावे, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या फेरीत घाटात किंवा लांबच्या प्रवासाला जाऊ नये. पुढचे तीन-चार दिवस सकाळी टाकीची पातळी आणि गाडीखालील फरशी तपासावी.

जुन्या कूलंटचे काय करायचे?

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. ट्रेमध्ये उघडे राहिलेले कूलंट सोसायटीतील कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू शकतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. कुणाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि कूलंटचा डबा बरोबर घ्यावा. जुने कूलंट गटारात किंवा झाडाखाली न ओतता घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, ‘विषारी’ असे लिहून सर्व्हिस सेंटरला द्यावे. शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही भरू नये. फरशीवर सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

गॅरेजला काम दिले तर काय विचारावे?

जुना थर्मोस्टॅट परत मागावा. नवा किती अंशांचा बसवला, गॅस्केट नवे टाकले का, कूलंट कोणते भरले आणि हवा कशी काढली, हे चार प्रश्न विचारावेत. वापरलेली गाडी विकत घेताना इंजिन थंड असतानाच ती सुरू करून पाहावी. बाहेर ऊन असूनही पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर निळा दिवा विझत नसेल किंवा काटा तळाशीच रेंगाळत असेल, तर आधीच्या मालकाच्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला असण्याची शक्यता आहे. तो पुन्हा बसवण्याचा खर्च मोठा नसतो. मात्र त्यासोबत इंजिन ऑइल बदलून घ्यावे आणि थर्मोस्टॅट मुळात का काढला होता, याचा शोध घ्यावा. अनेकदा बंद पंखा किंवा तुंबलेला रेडिएटर झाकण्यासाठीच तो काढलेला असतो, आणि थर्मोस्टॅट परत बसवताच तो जुना दोष समोर येतो.